श्वासाची मुदत : यंत्र, प्राणवायू आणि माणसांचे हात

पेढीवर बसणाऱ्या माणसाला मुदतीचा अर्थ समजावून सांगावा लागत नाही. गोदामात माल चांगला आहे, बाजारातले येणेही पक्के आहे, परंतु चार आठवड्यांची रोकड हाती नाही म्हणून एखादे दुकान बुडते. आणि तेवढीच सवड मिळाली म्हणून दुसरे दुकान पुढे पिढ्यान्‌पिढ्या चालते. मुदत देणारा सावकार कुणाचा धंदा चालवून देत नाही. धंदा ज्याचा त्यालाच सावरावा लागतो. तीव्र फुफ्फुसरोगाने अत्यवस्थ झालेल्या रुग्णाला श्वासाचा जो कृत्रिम आधार दिला जातो, त्याचेही स्वरूप असेच आहे. त्या आधाराने रोग हटत नाही. औषधाला आणि शरीराच्या स्वतःच्या शक्तीला आपले काम करण्यास अवधी मिळतो, एवढेच.

सन २०२० आणि २०२१ या दोन वर्षांत व्हेंटिलेटर, ऑक्सिजन, पातळी हे शब्द आपल्या घराघरांत पोचले. ते संकट ओसरले. शब्द राहिले, परंतु त्यांचा अर्थ अजूनही पुष्कळांच्या मनात पुसट आहे. ‘व्हेंटिलेटरवर ठेवले म्हणजे आटोपले’ असे म्हणणारे जसे आहेत, तसेच ‘यंत्र लावले, आता काळजी नाही’ असे मानणारेही आहेत. त्या काळात व्यापारी मंडळांनी, सेवाभावी संस्थांनी आणि वैयक्तिक दात्यांनी रुग्णालयांना मोठ्या प्रमाणावर यंत्रे दिली. त्यांतील काही यंत्रांनी प्राण वाचविले, तर काही चालविणारा माणूस नाही म्हणून खोक्यांतच पडून राहिल्याच्या वार्ताही आपण वाचल्या. पुढे पुन्हा कधी असा प्रसंग आला, तर आपला पैसा व आपले श्रम कोठे लागावेत, याचा विचार शांततेच्या काळातच झाला पाहिजे. त्या विचारास साह्य व्हावे, या हेतूने हा विषय आम्ही सभासद बंधूंपुढे व त्यांच्या कुटुंबीयांपुढे मांडीत आहोत.

श्वासाचा व्यवहार

आपल्या भोवतीच्या हवेत शंभरातले सुमारे २१ भाग प्राणवायूचे असतात. स्वस्थ बसलेला प्रौढ माणूस मिनिटाला बारा ते सोळा वेळा श्वास घेतो आणि दर खेपेस सुमारे अर्धा लिटर हवा आत ओढतो. ही हवा फुफ्फुसांतील कोट्यवधी सूक्ष्म वायुकोशांत जाते. या कोशांच्या भिंती पसरून मांडता आल्या, तर त्या सुमारे ७० चौरस मीटर जागा व्यापतील. या अतिशय पातळ भिंतीच्या एका अंगास हवा व दुसऱ्या अंगास रक्त असते. प्राणवायू हवेतून रक्तात उतरतो आणि शरीरात साठलेला कार्बन डायऑक्साइड वायू रक्तातून हवेत जातो. ही देवघेव क्षणभरही थांबून चालत नाही, कारण प्राणवायूची शिल्लक शरीरात फारशी राहत नाही.

तीव्र न्यूमोनियात हे वायुकोश पू व द्रव यांनी भरतात. रक्त त्यांच्याजवळून जाते, परंतु त्याला प्राणवायू मिळत नाही. तूट भरून काढण्यासाठी रुग्ण मिनिटाला तीस, चाळीस श्वास घेऊ लागतो. मान व बरगड्या यांचे स्नायू ताणले जातात. बोलताना वाक्य पुरे होत नाही. अशा श्रमाने स्नायू थकतात आणि थकलेल्या स्नायूंमुळे तूट आणखी वाढते. जंतूंवर योग्य औषध सुरू झाले, तरी त्याचा परिणाम दिसण्यास काही दिवस लागतात. विषाणूंपैकी पुष्कळांवर तर नेमके औषधच नाही. तेथे शरीराने स्वतः लढावयाचे असते. हे मधले दिवस रुग्णाने कसे काढावयाचे, हाच खरा प्रश्न असतो.

कोपनहेगनचे पंधराशे विद्यार्थी

या प्रश्नाचे पहिले प्रभावी यांत्रिक उत्तर १९२८ साली अमेरिकेतील बोस्टन येथे मिळाले. फिलिप ड्रिंकर व लुई शॉ यांनी एक मोठी धातूची पेटी तयार केली. रुग्णाचे डोके बाहेर व बाकीचे शरीर पेटीत असे. पेटीतील हवेचा दाब कमी केला की छाती फुलून हवा आत शिरे. याच यंत्राला पुढे लोहफुफ्फुस असे नाव पडले. पोलिओने श्वसनाचे स्नायू लुळे पडलेल्या अनेकांना त्याने तारले. तथापि ज्यांचा घसाही लुळा पडला असेल, त्यांना त्याचा फार उपयोग होत नसे.

सन १९५२ च्या उन्हाळ्यात डेन्मार्कच्या राजधानीत, कोपनहेगन येथे, पोलिओची भयंकर साथ आली. ब्लेगडॅम रुग्णालयात त्या वेळी एक लोहफुफ्फुस व छातीवर बसवावयाची सहा लहान यंत्रे, एवढाच सरंजाम होता. पहिल्या तीन आठवड्यांत या यंत्रांवर ठेवलेल्या ३१ रुग्णांपैकी २७ दगावले. तेव्हा रुग्णालयाचे प्रमुख डॉ. लासेन यांनी ब्यॉर्न इब्सेन या भूलतज्ज्ञास सल्ल्यासाठी पाचारण केले. रुग्ण मरतात ते पुरेसा श्वास बाहेर पडत नसल्यामुळे व रक्तात कार्बन डायऑक्साइड साचल्यामुळे, हे इब्सेन यांनी ओळखले. ऑगस्टच्या २७ तारखेस बारा वर्षांच्या एका मुलीच्या श्वासनलिकेस छेद देऊन त्यांनी तीत नळी बसविली, नळीला रबरी पिशवी जोडली आणि ती पिशवी हाताने दाबून फुफ्फुसांत हवा भरण्यास प्रारंभ केला. शस्त्रक्रियागृहात भूल देताना नित्य वापरली जाणारी ही रीत होती. मुलगी वाचली.

आता अडचण अशी की, रुग्ण पुष्कळ आणि पिशवी दाबणारे यंत्र एकही नाही. तेव्हा हे काम माणसांनी पत्करले. सुमारे १,५०० विद्यार्थी पाळ्या लावून रुग्णांच्या उशाशी बसले आणि रात्रंदिवस, आठवडेच्या आठवडे पिशव्या दाबीत राहिले. ऐन साथीत एकाच वेळी ७० रुग्णांचे प्राण असे हातांवर तोललेले होते. साथ ओसरेपर्यंत अशा रुग्णांतील मृत्यूचे प्रमाण निम्म्याहून खाली आले. पुढच्याच वर्षी इब्सेन यांनी कोपनहेगनमध्ये अत्यवस्थ रुग्णांसाठी स्वतंत्र कक्ष उभारला. आजच्या अतिदक्षता विभागाचा आरंभ तेथून मानला जातो. हवा दाबाने आत भरणारी यंत्रे त्यानंतर सर्वत्र रूढ झाली. अतिदक्षता विभाग जन्मला तो माणसांच्या हातांतून, यंत्र मागाहून आले, ही गोष्ट आम्हास विशेष स्मरणीय वाटते.

यंत्राची शक्ती आणि यंत्राचा अपाय

पोलिओच्या रुग्णांत फुफ्फुसे निरोगी व स्नायू निकामी असत. तीव्र न्यूमोनियाची गोष्ट उलट आहे. येथे फुफ्फुसच भरलेले व ताठरलेले असते. सन १९६७ मध्ये अमेरिकेतील डेन्व्हर येथील अ‍ॅशबॉ, पेटी व त्यांच्या सहकाऱ्यांनी अशा १२ रुग्णांचे वर्णन ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध केले. श्वास सोडल्यावरही फुफ्फुसांत थोडा दाब राखला, तर मिटलेले वायुकोश उघडे राहतात व प्राणवायूची देवघेव सुधारते, असे त्यांस आढळले. हा उपाय आजही नित्याचा आहे.

तथापि दाबाला दुसरी बाजू आहे. फुफ्फुसाचा मोठा भाग रोगाने बंद झाला असेल, तर यंत्राने भरलेली सारी हवा उरलेल्या लहानशा निरोगी भागात शिरते, आणि तो अतिताणाने फाटतो किंवा सुजतो. रक्तातील आकडे सुधारावेत म्हणून पूर्वी हवा सढळपणे भरीत. सन २००० मध्ये अमेरिकेत ८६१ रुग्णांवर झालेल्या अभ्यासाने ही रीत बदलली. रुग्णाच्या उंचीवरून काढलेल्या अपेक्षित वजनाच्या दर किलोस १२ मिलिलिटर हवा दिलेल्या गटात ३९.८ टक्के रुग्ण दगावले. केवळ ६ मिलिलिटर दिलेल्या गटात ३१ टक्के. यंत्र तेच होते. ते लावणाऱ्याचे ज्ञान व संयम तेवढा निराळा होता.

फ्रान्समधील डॉ. क्लॉद गेरँ व त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१३ साली प्रसिद्ध केलेला अभ्यास तर याहून उद्बोधक आहे. यंत्रावर असलेल्या अतितीव्र रुग्णांना त्यांनी दररोज किमान सोळा तास पालथे निजविले. पाठीकडील फुफ्फुसाचा भाग मोठा असतो व उताणे निजल्यास तो दबतो. पालथे केल्यास तो मोकळा होतो. एकंदर ४६६ रुग्णांच्या या अभ्यासात, अठ्ठावीस दिवसांच्या अखेरीस उताण्या गटात ३२.८ टक्के व पालथ्या गटात १६ टक्के मृत्यू झाले. या उपायास नवे यंत्र लागत नाही. लागतात ती चार-पाच शिकलेली माणसे. कारण नळी न निसटता, डोळ्यांना व चेहऱ्याला इजा न होता बेशुद्ध रुग्णास उलटविणे हे कसबाचे काम आहे.

अशा प्रकारे मिळालेल्या अवधीतच औषध काम करते. ब्रिटनमधील ‘रिकव्हरी’ नावाच्या मोठ्या चाचणीत जून २०२० मध्ये असे दिसले की, डेक्सामेथासोन हे स्वस्त व जुने औषध दिल्याने यंत्रावर असलेल्या कोविड रुग्णांतील मृत्यू सुमारे एक तृतीयांशाने घटतात. श्वास तोवर टिकला नसता, तर औषधाला वाव कोठून मिळता?

एकच साधन, दोन निकाल

श्वासाला आधार म्हणजे केवळ व्हेंटिलेटर नव्हे. पहिली पायरी नाकातील साध्या नळीने प्राणवायू देण्याची, त्यानंतर मुखवटा, त्यापुढे उबदार व दमट केलेला प्राणवायू मिनिटास ६० लिटरपर्यंतच्या प्रवाहाने नाकातून देण्याची, मग घट्ट बसणाऱ्या मुखवट्यातून सतत दाब देण्याची, आणि याने भागले नाही, तर घशातून नळी घालून व्हेंटिलेटर लावण्याची. बहुसंख्य रुग्णांचे खालच्या पायऱ्यांवरच निभावते.

लहान मुलांना सतत दाब देण्याची एक अगदी स्वस्त रीत बांगलादेशात यशस्वी झाली. श्वास सोडण्याच्या नळीचे टोक पाण्यात बुडविले की, पाण्याच्या खोलीइतका दाब मुलाच्या फुफ्फुसांत राहतो व पाण्यातून बुडबुडे निघत राहतात. ढाका येथील डॉ. मोहम्मद जोबायेर चिश्ती यांनी त्यासाठी शांपूची रिकामी बाटली वापरली. तीव्र न्यूमोनियाच्या २२५ बालकांवरील त्यांचा अभ्यास २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. साध्या नळीने प्राणवायू दिलेल्या मुलांत १५ टक्के मृत्यू झाले, तर बुडबुड्यांच्या दाबावरील मुलांत ४ टक्के.

हे वाचून कोणासही वाटेल की, बाटल्या सर्वत्र पाठवाव्या म्हणजे झाले. परंतु आफ्रिकेतील मलावी देशात एका जिल्हा रुग्णालयात डॉक्टरांच्या दैनंदिन देखरेखीवाचून हीच रीत ६४४ बालकांवर पडताळून पाहण्यात आली, तेव्हा २०१९ मध्ये निकाल उलटा आला. साध्या प्राणवायूवर ११ टक्के मुले दगावली, तर बुडबुड्यांच्या दाबावर १७ टक्के. तेथील मुले कुपोषणाने व अन्य रोगांनी आधीच खंगलेली होती, हे खरे. तरीही बोध स्पष्ट आहे. मुखवटा कधी सैल पडला, पोट कधी फुगले, मूल कधी थकले, हे क्षणोक्षणी पाहणारा जाणता डोळा नसेल, तर आधारच अपाय ठरू शकतो.

प्राणवायूचा हिशेब

आता थोडा हिशेब करू, कारण तो आपल्या हातचा मळ आहे. आपल्याकडील मोठ्या जंबो सिलिंडरमध्ये सुमारे ७,००० लिटर प्राणवायू मावतो. अत्यवस्थ रुग्णास मिनिटास ६० लिटर या प्रवाहाने शुद्ध प्राणवायू द्यावा लागला, तर एक सिलिंडर दोन तासांच्या आत संपतो. अशा दहा रुग्णांना दिवसाकाठी शंभराहून अधिक सिलिंडर लागतील, आणि ते मध्यरात्रीही वेळेवर बदलावे लागतील. घरगुती कॉन्सन्ट्रेटर मिनिटास पाच किंवा दहा लिटर देतो. सौम्य रुग्णास तो वरदान आहे. अत्यवस्थास अपुरा आहे, आणि वीज गेली की तो तत्काळ थांबतो. द्रवरूप प्राणवायूच्या एका लिटरातून सुमारे ८६० लिटर वायू होतो, म्हणून मोठ्या रुग्णालयांत द्रवाची टाकी उभारतात. एक हजार लिटरांची टाकी सव्वाशेच्या आसपास जंबो सिलिंडरांचे काम करते.

मात्र टाकीलाही राखणदार लागतो. नाशिक येथील महानगरपालिकेच्या एका रुग्णालयात २१ एप्रिल २०२१ रोजी टाकीतून गळती होऊन पुरवठ्याचा दाब घटला आणि वीसहून अधिक रुग्ण प्राणास मुकले. त्यानंतर मे महिन्यात गोव्यात बांबोळी येथील शासकीय रुग्णालयात रात्रीच्या प्रहरी प्राणवायूचा पुरवठा कमी पडत असल्याची गाऱ्हाणी मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठापुढे गेली आणि न्यायालयास शासनाला निर्देश द्यावे लागले. या प्रसंगांत यंत्रे होती, खाटा होत्या, डॉक्टर व परिचारिका जिवाचे रान करीत होत्या; परंतु भिंतीमागच्या नळीतला दाब पडला की पुढचे सारे व्यर्थ होते. साखळीची जी कडी दिसत नाही, तीच अशा वेळी तुटते.

कुटुंबीयांसाठी

घरात ज्येष्ठ माणसास ताप व खोकला असून धाप लागू लागली, तर बोटावर लावावयाचे ऑक्सिमीटर उपयोगी पडते. निरोगी माणसात त्याचा आकडा साधारणतः ९५ ते १०० असतो. तो सतत ९४ च्या खाली राहू लागला की वैद्यकीय सल्ल्यास विलंब करू नये. सावळ्या कांतीवर हे यंत्र कधी कधी प्रत्यक्षाहून अधिक आकडा दाखविते, असे अभ्यासांत आढळले आहे. म्हणून आकडा चांगला असूनही श्वासाचा वेग वाढला, ओठ निळसर दिसले किंवा माणूस असंबद्ध बोलू लागला, तर आकड्यावर विसंबू नये. न्यूमोनिया व इन्फ्लुएंझा यांच्या प्रतिबंधक लसींविषयी वडीलधाऱ्यांसाठी आपल्या डॉक्टरांस अवश्य विचारावे.

रुग्णास व्हेंटिलेटर लावला असेल, तर घशातील नळीमुळे त्यास बोलता येत नाही, आणि त्रास होऊ नये म्हणून बहुधा गुंगीचे औषध दिलेले असते. तो निश्चल दिसतो म्हणून आशा सोडू नये. त्याचबरोबर आकडे एका दिवसात सुधारले नाहीत म्हणून डॉक्टरांशी वाद घालू नये. रोज एकच प्रश्न शांतपणे विचारावा : मूळ रोग हटतो आहे का? मुदत मिळाली तरी प्रत्येक पेढी सावरत नाही, हे कटू सत्य आहे. अशा वेळी डॉक्टर स्पष्ट बोलले, तर त्यांस निष्ठुर समजू नये. जे वाचतात, त्यांनाही घरी आल्यावर अशक्तपणा, झोपेत भीती, विस्मरण असे त्रास काही महिने होऊ शकतात. त्यांस लगेच दुकानाच्या गादीवर बसवू नये. चालण्याचा व श्वासाचा व्यायाम जाणकाराच्या देखरेखीखाली करवून घ्यावा.

दान कशाचे करावे

यंत्रावर दात्याचे नाव कोरता येते. ते यंत्र चालविणाऱ्या परिचारिकेच्या प्रशिक्षणावर कोरता येत नाही. त्यामुळे दानाचा ओघ साहजिकच वस्तूंकडे जातो. परंतु कोणताही शहाणा व्यापारी केवळ मोटार घेऊन वाहतुकीचा धंदा सुरू करीत नाही. चालक, इंधन, दुरुस्ती व सुटे भाग यांची तजवीज तो आधी करतो. हाच व्यवहार दानातही पाळला गेला पाहिजे, असे आमचे नम्र मत आहे.

यास्तव आमची सूचना अशी की, आपापल्या गावच्या रुग्णालयास काही देण्यापूर्वी सभासदांनी तेथील डॉक्टर, परिचारिका व तंत्रज्ञ यांस एकत्र बसवून चार गोष्टी विचाराव्या. हे यंत्र रात्रपाळीत कोण चालविणार? त्याची देखभाल वर्षानुवर्षे कोण व कोणत्या खर्चाने करणार? वीज गेली, तर पर्यायी सोय किती वेळ टिकेल? आणि प्राणवायूच्या नळ्या व झडपा शेवटच्या केव्हा तपासल्या? या प्रश्नांची उत्तरे समाधानकारक मिळाली, तर यंत्र खुशाल द्यावे. न मिळाली, तर तोच पैसा परिचारिकांच्या अतिदक्षता प्रशिक्षणास, तंत्रज्ञाच्या वेतनास, जनित्रास, किंवा नळ्यांच्या दुरुस्तीस द्यावा. त्याची वार्ता वृत्तपत्रांत छापून येणार नाही कदाचित. परंतु त्याचा जमाखर्च चोख राहील.

कोपनहेगनमध्ये पिशव्या दाबीत बसलेल्या त्या विद्यार्थ्यांची नावे आज फारशी कुणास ठाऊक नाहीत. त्यांनी कोणताही रोग बरा केला नाही. अनोळखी मुलांना एकेक श्वास देत त्यांनी फक्त सकाळ आणून दिली, आणि त्या सकाळींतून पुष्कळ मुले आपल्या घरी परतली. आपल्या गावच्या रुग्णालयात अशी सकाळ आणून देणारे हात तयार असावेत, एवढा भार उचलण्याचे सामर्थ्य आमच्या व्यापारी समाजात निश्चित आहे. येत्या वर्षाच्या अंदाजपत्रकात प्रत्येक शाखेने त्यासाठी थोडी रक्कम वेगळी काढावी, अशी सभासद बंधु-भगिनींस आमची आग्रहाची विनंती आहे.